भोंगाबाई आणि कानसर

ही गोष्ट कोणी खरी मानत नाही. आजवर जिथं जिथं सांगितली तिथं लोक गालातल्या गालात हसले, एकानं तर माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. तुम्हीही मानणार नाही. माझी हरकत नाही, पण मधे तोंड उघडायचं नाही. हे सगळ्यांना सांगतोय, आणि त्या कोपऱ्यातल्या चष्मेवालीला दोनदा सांगतोय.

तर एक शाळा होती. शाळेत पहिलीचा वर्ग होता, आणि तो वर्ग ज्या खोलीत भरायचा ती खोली पूर्वी बर्फाचा कारखाना होती. छत इतकं उंच की आत पतंग उडवावा. खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला भिंतभर काचा आणि उरलेल्या तिन्ही भिंतींना पार वरपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स. या टाइल्स शाळेच्या मोठ्या बाईंनी हौसेनं बसवून घेतल्या होत्या, मुलांच्या हातांचे ठसे एका फडक्यात पुसले जातात म्हणून. ठसे पुसले जायचे, हे खरं. आवाज मात्र पुसला जायचा नाही. त्या खोलीत एकदा निघालेला आवाज बाहेर पडायचं नावच घ्यायचा नाही. छताला आपटायचा, भिंतीवर जायचा, काचेवरून परत यायचा, दमला की पंख्यावर बसायचा. सकाळच्या हजेरीतलं शेवटचं ‘हजर’ डब्याच्या सुट्टीत खाली उतरायचं. एका मांजरीनं तिथं कधीतरी म्याव केलं होतं. मांजर म्हातारी होऊन गेली, पण तिचं म्याव रोज दुपारी ऐकू यायचं आणि उंदीर त्या बाजूला फिरकत नसत.

या खोलीत आपली बाई शिकवायची.

नोकरीला लागली तेव्हा तिचा आवाज असा मऊ होता की घरी आत्या म्हणायची, “तू वाचत बस गं, मला झोप लागते.” पण त्या खोलीत मऊ आवाजाला कोण विचारतो? मुलांच्या गलक्यावरून बोलायचं तर ओरडायला हवं. बाई ओरडली की मुलं तिच्यावरून ओरडणार, मुलं ओरडली की छत ओरडणार, छत ओरडलं की बाईला आणखी ओरडायला हवं. होता होता तिचा घसा असा झाला की शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे भोंगा म्हणायला लागले. घरी आत्या कानात कापूस घालून जेवायला बसायची.

“अगं, मी समोरच आहे. नदीपलीकडं नाही,” आत्या म्हणायची. “कोण करील तुझ्याशी लग्न? नवऱ्याला शेजारच्या गावात खोली घ्यावी लागेल.”

बाई हसून सोडून द्यायची. आत कुठंतरी लागायचं, पण सोडून द्यायची.

एक गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नव्हती. मोठ्या बाईंनी पहिलीचा वर्ग फोडायचं ठरवलं होतं. मागच्या दोन ओळींतली मुलं मंद आहेत, काही सांगितलं तर ढिम्म हलत नाहीत, तेव्हा त्यांना वेगळं काढून मागच्या शेडमध्ये बसवायचं. आणि जिला वर्ग शांत ठेवता येत नाही त्या बाईला सामानाच्या खोलीत बसवायचं, खडू आणि सतरंज्यांच्या राखणीला. “वार्षिक परीक्षेच्या आधी मी स्वतः येऊन बघेन,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “वर्ग सुधारलेला दिसला तर विचार करू.” त्यांचा ‘विचार करू’ म्हणजे काय, हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या ओळीत अगदी टोकाला एक मुलगी बसायची. तिला सगळे शेपटी म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्टीत ती शेवटी. ‘हात वर’ म्हटलं की सगळ्यांचे हात खाली येताना हिचा वर जायचा. बाईला तिचा राग यायचा आणि मग रागाचाच राग यायचा. शेपटी शेडमध्ये गेली की कायमची गेली, हे बाईला दिसत होतं.

आता ऐका. थंडीचे दिवस, बाहेर अवेळी आलेला बारीक पाऊस भुरभुरतोय, मुलं व्हरांड्यात धुडगूस घालताहेत. बाई विसरलेला डबा घ्यायला वर्गात परत आली. दार ढकललं... आणि जागच्या जागी थांबली.

वर्गाच्या मधोमध एक परका माणूस डोळे मिटून उभा होता. केस ओले, खांद्याला चामडी पेटी. त्यानं दोन्ही हात वर केले, एकच टाळी वाजवली — आणि हसला. फार वर्षांनी जुना मित्र रस्त्यात दिसल्यावर माणूस हसतो ना, तसा.

“कोण तुम्ही?” बाईनं विचारलं. तिच्या परीनं हळूच. तरी काचा थरथरल्या.

त्यानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. “थांबा... अजून चाललीये.”

“काय चाललंय?”

“टाळी.”

बाईला वाटलं, शिपायाला हाक मारावी. पण त्या माणसाचा चेहरा इतका गुंगलेला होता की ती नकळत त्याच्यासारखीच मान तिरकी करून उभी राहिली. आणि तिला टाळी ऐकू आली. छताच्या कडेकडेनं चाललेली, कोपऱ्यात वळलेली, काचेवरून घरंगळणारी. ज्या खोलीत ती रोज घसा फोडत होती ती खोली तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. टाळी संपेपर्यंत पाऊस थांबला होता, डब्यातलं जेवण गार झालं होतं.

“संपली,” तो म्हणाला आणि त्यानं डोळे उघडले. “माफ करा. मी आवाज मोजतो. तुमच्या सभागृहातला माईक किंचाळतो म्हणून बोलावलंय. दार चुकलो.”

“सभागृह पलीकडं आहे.”

“हो, कळलं. पण आता तिकडं जावंसं वाटेना.”

“का?”

“असं काही आयुष्यात एकदाच भेटतं,” तो म्हणाला. मग तिच्याकडं नीट बघितलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लालेलाल झाल्या. “म्हणजे... खोली.”

“मी खोलीच समजले,” बाई म्हणाली, आणि डबा घेऊन वळली. वळली, पण गेली नाही.

“इथं कोण शिकवतं?” त्यानं विचारलं.

“मी.”

“आणि मुलांना ऐकू येतं?”

“पुढच्यांना येतं. मागचे लक्ष देत नाहीत.”

“हे कोणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात.”

“मुलांनी सांगितलं?”

मुलांना कोणी विचारलंच नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी परत आला. माईकला काय झालं होतं देव जाणे, त्याचं काम काही लवकर उरकेना. रोज अर्धा दिवस सभागृहात आणि उरलेला पहिलीच्या वर्गाच्या दारात. मुलांनी त्याचं नाव कानसर ठेवलं, कारण त्याच्या पेटीत एक यंत्र होतं आणि त्या यंत्राला पुढं एक काळा कान होता. कानसर बोलायचा फार हळू. त्याचं बोलणं ऐकायला माणसाला पुढं वाकावं लागायचं, आणि बाईच्या लक्षात आलं की हल्ली आपली मान सारखी पुढं वाकलेली असते.

“आज आपण ऐकू या,” त्यानं मुलांना सांगितलं. “तोंड मिटायचं, कान उघडायचे. मग एकेकानं सांगायचं, काय काय ऐकू आलं.”

मुलं बसली. आणि मग सांगायला लागली तर थांबेनात. पंख्याची खटखट. बाहेरच्या पाण्याच्या पंपाची घरघर. पलीकडच्या वर्गातली कविता. खुर्चीचा पाय फरशीवर ओढला की दाढेत कळ जाते तो आवाज. बाईंच्या चपलेची चर्रचर्र. “आमच्या बाईंना हे काहीच ऐकू येत नाही,” पुढच्या बाकावरचं एक कार्टं म्हणालं, “त्यांना फक्त आम्ही ऐकू येतो.”

कानसर शेपटीजवळ गेला, खाली बसला. “तुला काय ऐकू आलं?”

शेपटीनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, “मला सगळंच ऐकू येतं. पण एकदम येतं.”

कानसर उठून बाईजवळ आला आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला, “आता त्यांना काहीतरी करायला सांगा. नेहमीच्या आवाजात. फक्त त्याआधी सगळ्यांना डोळे मिटायला लावा.”

“डोळे कशाला?”

“बघा तर.”

बाईनं सगळ्यांचे डोळे मिटवले. मग सांगितलं, उजवा हात डोक्यावर ठेवा. पुढच्या ओळींचे हात टपाटप डोक्यावर गेले. मधल्या ओळी जरा चाचपडल्या. आणि मागं... मागच्या दोन ओळींत एकही हात आपणहून डोक्यावर गेला नाही. एकानं नाक धरलं. एक मुलगा उभा राहिला. शेपटीनं एक डोळा किलकिला करून पुढच्याकडं बघितलं, हात डोक्यावर नेला, आणि पटकन डोळा मिटून घेतला.

ही मुलं मंद नव्हती. ही मुलं रोज पुढच्यांच्या पाठी बघून शाळा शिकत होती, त्यांनी काय केलं ते पाहायचं आणि तेच करायचं. म्हणून तर शेवटी. एवढ्या दिवसांत शेपटीनं तिचं एक वाक्य धड ऐकलं नव्हतं, आणि तरी एकदाही शाळा बुडवली नव्हती.

“मी एवढी ओरडते,” सुट्टीत ती कानसरला म्हणाली. “एवढी ओरडूनही?”

“ओरडता म्हणूनच. तुमचा एक शब्द संपायच्या आत मागचा शब्द छतावरून परत येतो आणि पुढच्याच्या अंगावर पडतो. मागं पोचेपर्यंत सगळा काला झालेला असतो.”

“खोटं. मी मागच्या बाकावर बसले आहे कितीदा. मला सगळं ऐकू येतं.”

“बसा बरं.”

बाई शेपटीच्या बाकावर जाऊन बसली, गुडघे हनुवटीला लावून. कानसर फळ्याजवळ उभा राहिला, पंखा लावला, व्हरांड्यातला गलका येऊ दिला, आणि म्हणाला, “मुलांनो, आपापली पाटी दप्तरात ठेवा आणि रांगेत उभे राहा.”

“ऐकू आलं,” बाई म्हणाली. “शब्द न् शब्द.”

“आता हे ऐका.” त्यानं आणखी काहीतरी म्हटलं. बाईनं कान टवकारले. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदाही डोक्यात नुसतं शेवाळ गोळा झालं.

“काय बोललात?”

“माझ्या यंत्राच्या पुर्ज्यांची नावं. पाटी-दप्तर तुम्हाला ऐकू नाही आलं, ते तुम्हाला आधीच माहीत होतं. अर्धं कान ऐकतो, अर्धं डोकं भरून काढतं. मोठ्यांचं असंच असतं. मुलांच्या डोक्यात अजून भरायलाच काही नाही, तेच भरायला ती इथं आलीयेत.” तो थांबला. “त्यांच्यासाठी रोजचा प्रत्येक शब्द म्हणजे माझे पुर्जे.”

बाई त्या ठेंगण्या बाकावरून उठेना. आणि त्याला वाटलं, आपण जास्त बोललो. तो घाईघाईनं यंत्राशी खुडबुड करायला लागला.

“माझा आवाज मोजा ना,” ती एकाएकी म्हणाली. “खरंच भोंगा आहे का, कळू दे एकदा. आत्या म्हणते, माझ्या नवऱ्याला शेजारच्या गावात खोली घ्यावी लागेल.”

“इथं नको. इथं तुमचा आवाज कुठला आणि छताचा कुठला, कळायचं नाही.”

म्हणून ती दोघं सामानाच्या खोलीत गेली. हो, तीच, जिथं तिला बसवायचं घाटत होतं. गुंडाळलेल्या सतरंज्या, खेळायच्या जाड गाद्या, जुने पडदे. आत पाऊल टाकलं की जग मागं राहायचं. कानसरनं यंत्र गादीवर ठेवलं आणि तिला एक वाचनाचं पुस्तक दिलं. तिनं सवयीनं पहिला शब्द असा फेकला की यंत्राच्या काट्यानं टोकाला जाऊन डोकं आपटलं. आणि मग तिचं तिलाच कळलं, इथं गरज नाही. दुसरा शब्द खाली आला. तिसरा आणखी खाली. पानाच्या शेवटापर्यंत तिचा जुना आवाज परत आला होता, आत्याला झोप आणणारा, जरा खरखरीत झालेला, पण तोच.

ती थांबली. कानसर भिंतीला टेकून उभा होता.

“किती आला?”

“काय?”

“आकडा.”

“आकडा... बघायचा राहिला.”

“मग परत वाचू?”

“वाचा.”

“आणि परत राहिला तर?”

“तर परत,” तो म्हणाला. इतक्या हळू की काटा हललासुद्धा नाही.

वर्गात आवाज शोषणारं काही बसवायची परवानगी मागायला दोघं मोठ्या बाईंकडं बरोबर गेली. टाइल्सना हात लावायचा नाही, या अटीवर ती मिळाली. कानसरनं एका जुन्या नाटकगृहात नुकतंच काम केलं होतं, तिथला जाड लोकरी नमदा पडून होता. तो लाकडी चौकटींत भरून भिंतींवर आणि छताखाली टांगायचा. पंख्याला तेल. आणि बाक-खुर्च्यांना मोजे. मुलांनी घरून जुने मोजे आणले आणि प्रत्येक बाकाच्या आणि खुर्चीच्या पायांत चढवले. एका मुलानं वडिलांचे चांगलेच आणले होते, त्यावरून घरी काय झालं ते मी सांगत नाही.

सुट्टीच्या दिवशी सुतार आले, नमदा चढायला लागला. आणि इथं तुम्ही हसणार आहात, ते आधी हसून घ्या. पहिली चौकट लागली तसे भिंतीतून जुने आवाज गळायला लागले. नमदा शोषून घेतोय म्हटल्यावर लपून बसलेले सगळे एकदम बाहेर पडले. कोणे एके काळचे पाढे खाली आले. शिंका आल्या. बर्फाच्या कारखान्यातला मुकादम कोणाला तरी शिव्या देत आला, सुतारानं कान धरून त्याला नमद्यात कोंबला. मांजरीचं म्याव सगळ्यात शेवटी आलं, बाईच्या पायाशी घोटाळलं, आणि मग नाहीसं झालं. संध्याकाळी कानसरनं टाळी वाजवली. नुसती टक झाली, आणि काही नाही.

“झालं,” तो म्हणाला. “गणिताप्रमाणं अगदी.”

दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात शिरली आणि चिडीचूप झाली. शांत नव्हे, चूप. आपलाच आवाज रजईत बोलल्यासारखा वाटतोय म्हणून दोघीतिघी रडायला लागल्या. बाईनं गोष्ट सुरू केली तर शब्द दुसऱ्या बाकापाशी धपकन खाली बसले. मागं शेपटीनं पुन्हा पुढच्यांच्या पाठीकडं बघायला सुरुवात केली होती. आणि मोठ्या बाई त्याच आठवड्यात यायच्या होत्या.

बाई तडक सभागृहात गेली. कानसर कागद पसरून बसला होता.

“बरोबर आहे,” तो सारखा म्हणत होता. “छत, भिंती, काचा, फरशी, बाक. सगळं धरलंय. कुठंच चूक नाही.”

“मुलं कुठं आहेत?”

“कोणती मुलं?”

“माझी. या गणितात.”

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

“तुम्ही कधी मोजलंत?” बाईनं विचारलं. “मुलं बाहेर असताना. दर वेळी. आधी त्यांना हाकलायचं आणि मग टाळी वाजवायची. एवढी सगळी पोरं, प्रत्येकाच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, वर दप्तरं. हा काय कमी नमदा आहे? वर्ग मोजलात आणि वर्गच बाहेर ठेवलात.”

कानसरचे कान पुन्हा लाल झाले, या वेळी मानेपर्यंत. “नाटकगृह मोजताना... तिथं प्रेक्षक धरतो मी. शाळेत धरले नाहीत. मला मुलं म्हणजे आवाज करणारी वाटली. पिणारी नाही वाटली.”

“आता वाटताहेत ना?”

“तुम्ही रागावला आहात.”

“हो. पण हळू आवाजात रागावले, ते बघा जरा.”

मग तो हसला, तीही हसली, आणि दोघं वर्गात गेली. या वेळी मुलं आतच ठेवली, स्वेटरांसकट. कानसरनं टाळी वाजवायची, मुलांनी सांगायचं. छताच्या पुढच्या भागातला नमदा काढून टाकला, म्हणजे बाईचा शब्द वरून ढकलला जाऊन मागं पोचेल. मागच्या भिंतीवरचा तसाच ठेवला, म्हणजे पोचलेला शब्द तिथंच मुक्काम करील. एकेक चौकट काढली की मागून शेपटी सांगायची, “अजून नाही.” पुन्हा एक काढली, “अजून नाही.” यंत्र बाजूला पडून होतं. शेवटी बाईनं फळ्याकडं तोंड करून, स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं, “आता तरी ऐकू येतंय का माझ्या शेपटीला?”

“येतंय,” शेपटी म्हणाली. पुढच्यांच्या आधी.

मोठ्या बाई आल्या त्या फळ्याजवळची खुर्ची ओढत, आणि खुर्ची वाजली नाही म्हणून दचकल्या. त्यांनी मोजे पाहिले, भिंती पाहिल्या, तोंड वाकडं केलं. बाईनं मुलांना डोळे मिटायला सांगितलं. मग सामानाच्या खोलीतल्या त्या आवाजात ती म्हणाली, एक हात नाकावर ठेवा आणि दुसरा पोटावर.

सगळा वर्ग नाकावर आणि पोटावर गेला. मागच्या ओळींसकट. शेपटीनं वर आणखी जीभ बाहेर काढली होती, आनंदानं.

मोठ्या बाई मागपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. “वर्ग राहू दे असाच,” त्या म्हणाल्या. “तूही राहा.” दारात वळून म्हणाल्या, “टाइल्स मात्र चांगल्या आहेत.”

म्हणजे वर्ग वाचला. पण माईकही कधीचाच दुरुस्त झाला होता, आणि कानसरला दूरच्या गावी एका इस्पितळाचं काम लागलं होतं. सकाळची बस. आदल्या संध्याकाळी बाई त्याला म्हणाली, “मग... निघालात.”

“हो. म्हणजे... निघायला हवं.”

“काही राहिलं नाही ना?”

“यंत्र घेतलंय,” तो म्हणाला. बाईनं क्षणभर वाट पाहिली, मग पर्स उचलली आणि ती सरळ घरी गेली. घरी, हे लक्षात ठेवा.

कानसर एकटाच वर्गात राहिला. काम संपलं की रिकाम्या खोलीत एक वाक्य बोलून बघायची त्याची पद्धत होती. एरवी तो हवापाण्याचं काहीतरी बोलायचा. त्या दिवशी तो फळ्याजवळ, तिच्या जागेवर उभा राहिला, आणि म्हणाला, “या वर्गाच्या बाई मला फार आवडतात. त्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नाही. त्या माझ्याबरोबर आयुष्यभर बोलल्या, रागावल्या, ओरडल्या तरी चालेल... शेजारच्या गावात खोली घेणार नाही मी.” आणि दिवा मालवून निघून गेला.

आता गंमत बघा. ते शब्द गेलेच नाहीत. रात्रभर त्या खोलीत छताखाली फिरत राहिले. सकाळी बाईनं दार उघडलं, मुलं मागं रांगेत, आणि एकेक शब्द असा वरून खाली आला, तिच्या खांद्यावर बसला. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मुलांनीही ऐकलं. शेपटी म्हणाली, “बाई, पळा.”

बाई पळाली. हात खडूनं पांढरे, चप्पल चर्रचर्र करतेय. बस सुरू झालेली, तो पायरीवर. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आख्खा स्टँड गोळा झाला असता असा भोंगा तिच्या गळ्यात तयार होता. पण ती जवळ गेली, आणि इतकी हळू बोलली की त्याला पायरी उतरून वाकावं लागलं.

“मला ऐकू आलं,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं. मागच्या बाकापर्यंत येतं आता.”

त्याची पेटी बसमधून एकटीच पुढं गेली, ती इस्पितळात त्याच्या आधी पोचली. तो पेटीमागून गेला सावकाश, लग्न उरकून, बाईला सुट्टी लागल्यावर तिला बरोबर घेऊन. तेव्हा बघा, एका वाक्यानं रात्रभर खोलीत कळ काढली म्हणून दोन माणसं...

“पण आजोबा, खोलीत तर नमदा लागला होता,” चष्मेवाली म्हणाली. “टाळीसुद्धा टिकत नव्हती, तुम्हीच सांगितलंत. मग शब्द रात्रभर कसे राहतील? ती घरी गेलीच नव्हती. ती दाराबाहेर उभी होती.”